आधी कपाट, मग कात्री : बेडरूमसाठी घरच्या घरी शिवणकाम

शिवणयंत्र घरात आले की पहिला मोह होतो तो कापड घेण्याचा. आवडलेले चार मीटर कापड घरी येते, त्याचे काय करायचे ते नंतर ठरवू म्हणून बाजूला ठेवले जाते, आणि तिथेच राहते. इथे आपण उलट्या बाजूने सुरुवात करू. आधी कपाट रिकामे करायचे, मग खोली मोजायची, काय कमी आहे ते लिहून काढायचे, आणि कापडाकडे सर्वांत शेवटी वळायचे.

बेडरूमपासूनच का? कारण अभ्रा, चादर, पडदा या साऱ्यांत टीप सरळ असते, आणि अंगावर बसण्या-न बसण्याचा प्रश्न नसतो. अभ्र्याची शिलाई अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तर उशी तक्रार करत नाही. सदऱ्याच्या खांद्यावर तोच अर्धा सेंटिमीटर लगेच दिसतो.

कपाट रिकामे करताना

सगळे कपडे एकाच वेळी बाहेर काढून पलंगावर ठेवा. एकेक खण आवरण्यात एक अडचण आहे: एकसारखे पाच शर्ट पाच वेगवेगळ्या जागी असतात आणि ते पाच आहेत हे कधी कळतच नाही. बाहेर काढलेल्या कपड्यांचे चार ढीग करा. नेहमी वापरातले, दुरुस्ती केली तर वापरता येतील असे, फक्त एखाद्या मोसमात लागणारे, आणि आता घरातून जायला हवेत असे.

शिवणकाम शिकणाऱ्याने दुसऱ्या ढिगाकडे नीट पाहावे. तुटलेले बटण, उसवलेली काखेची शिवण, लांब झालेली पँट, सैल पडलेले इलॅस्टिक ही सगळी कामे अर्ध्या तासाच्या आतली आहेत, आणि त्यांतून यंत्राची सवय होते. उसवलेली शिवण पुन्हा घालताना टीप उसवल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर आधीच्या टिपेवर चढवायची, नाहीतर ती पुढच्या धुण्यात तिथूनच पुन्हा सुटते. जाड कापडावर बटण लावताना बटणाच्या वर एक काडी आडवी ठेवून तिच्यावरून दोरा घ्यावा. शेवटी काडी काढून बटण वर ओढायचे आणि खाली सैल राहिलेल्या दोऱ्याला तीन-चार वेढे देऊन गाठ मारायची. हा छोटासा दांडा नसला की काजाभोवतीचे कापड आवळले जाते.

अस्तर लावलेले कोट, खांद्यातून लहान करायचे कपडे आणि चामड्याच्या वस्तू मात्र शिंप्याकडेच द्या. त्या उसवायलाच इतका वेळ लागतो की शिकणाऱ्याचा उत्साह तिथेच संपतो.

नेहमी काय वापरतो याबद्दल आपला अंदाज बहुतेक वेळा चुकतो. त्यावर सोपी युक्ती आहे. टांगलेल्या सगळ्या हँगरांचे आकडे उलट दिशेने अडकवा. कपडा वापरून धुऊन परत ठेवताना तो हँगर सरळ लावा. मोसम संपता संपता जे हँगर अजून उलटेच आहेत, त्यांच्याबद्दल निर्णय घ्यायला फार विचार लागत नाही.

आता आठवड्याचा हिशेब मांडा. बाहेर कामावर जायचे किती दिवस, घरी राहायचे किती, व्यायामाचे किती, झोपताना काय घालता. शेजारी प्रत्येकासाठी कपाटात किती कपडे आहेत ते लिहा. समारंभाचे कपडे भरपूर आणि रोजचे मोजकेच, असे चित्र निघाले तर नवल मानू नका. त्यानंतर जोड्या तपासा. चार वरचे आणि तीन खालचे कपडे असतील आणि सगळे एकमेकांवर चालत असतील, तर सात कपड्यांतून बारा जोड्या होतात. त्यांतला एक खालचा कपडा कशावरच चालत नसेल तर लगेच आठ उरतात. म्हणून नवा कपडा शिवायचा झाला तर ‘मला काय आवडते’ याआधी ‘माझ्याकडच्या किती कपड्यांवर हा चालेल’ हे विचारावे. या हिशेबातून जी उणीव निघेल ती कागदावर लिहून ठेवा. ती यादीच तुमची शिवणकामाची यादी. माझ्या मते त्यात एका वेळी तीनपेक्षा जास्त नोंदी असू नयेत.

मापे

खिडकी, पडद्याची दांडी आणि कपाटाचा आतला भाग मोजायला पोलादी टेप घ्या. कापडी टेप अंगाचे माप घ्यायला ठीक, पण ती वापरून वापरून ताणली जाते आणि दोन मीटरच्या पडद्यात तिची चूक उघडी पडते. सगळी मापे सेंटिमीटरमध्येच लिहा. निम्मी इंचांत आणि निम्मी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली वही ही वाया गेलेल्या कापडाची पूर्वसूचना समजा.

गादीची लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही मोजा; जाडी हटकून विसरली जाते. उशी सपाट ठेवून एका शिवणीपासून समोरच्या शिवणीपर्यंत मोजा, फुगवट्यावरून नव्हे.

कपाटात टांगायच्या जागेची खोली ५५ ते ६० सेंटिमीटर असावी, म्हणजे हँगर आडवा मावतो. शर्ट आणि कमरेपर्यंतच्या कपड्यांना दांडीखाली साधारण १०० सेंटिमीटर उंची पुरते, लांब झग्यांना १५० ते १६०. लांब कपडे मोजकेच असतील तर त्यांच्यासाठी कपाटाची एक बाजू ठेवा आणि दुसऱ्या बाजूला एकाखाली एक दोन दांड्या लावा. त्याच जागेत दुप्पट शर्ट बसतात.

यंत्राशी ओळख

नव्याने शिकणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी सुईशी आणि दोरा ओवण्याशी संबंधित असतात, म्हणून इथे थोडे थांबू.

शिवणयंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा रिळातून येतो, खालचा बॉबिनमधून (सुईखालच्या डबीतल्या छोट्या रिळातून), आणि दोघांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध पडायला हवी. कापडाच्या उलट बाजूला दोऱ्याची गुंतवळ दिसली की नवशिका बॉबिनलाच दोष देतो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. दोरा ओवताना फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा धातूचा पाय) खाली असेल तर दोऱ्यावर ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये शिरतच नाही आणि वरचा दोरा ढिला राहतो. उपाय: फूट वर उचला, दोरा पूर्ण काढा, पुन्हा पहिल्यापासून ओवा. ताणाच्या चाकाला हात लावायची वेळ त्यानंतरच येते.

टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरून ठेवा आणि चाक नेहमी आपल्याकडे फिरवा. कापड मागून ओढू नका. खालचे दात ते आपल्या गतीने पुढे नेतात, आपण फक्त दिशा द्यायची. ओढले की सुई वाकते आणि धातूवर आपटून मोडते.

सुईवरचा आकडा हा तिची जाडी सांगतो. ८० म्हणजे ०.८ मिलिमीटर, ९० म्हणजे ०.९. तलम सुती कापडाला ७०, चादरीच्या कापडाला ८०, जाड पडद्याला ९० आणि डेनिमसारख्या कापडाला १००. बनियनसारख्या विणीच्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई वेगळी मिळते. ती धागे तोडत नाही, बाजूला सारते. सुई साधारण आठ तासांच्या शिलाईनंतर बदलावी. बोथट सुईचा पहिला पुरावा म्हणजे ‘टक्-टक्’ असा आवाज आणि मध्येच सुटलेला टाका.

टाक्याची लांबी नेहमीच्या कामाला २.५ मिलिमीटर, जाड थरांना ३ ते ३.५, आणि कच्ची शिलाई किंवा चुण्या घालायच्या असतील तर ४ ते ५. काम सुरू करण्यापूर्वी त्याच कापडाच्या दुहेरी तुकड्यावर एक टीप घालून पाहावी. हे कंटाळवाणे वाटते, पण शिवण उसवण्याइतके नाही.

बाकी हत्यारे थोडीच लागतात. फक्त कापडासाठी राखलेली कात्री (तिने कागद कापलात तर धार जाते, आणि घरात हे कुणाला सांगितले नाही तर कापला जाणारच), टाचण्या, खडू, शिवण उसवायचे आकड्याचे हत्यार, लांब पट्टी आणि इस्त्री. शिवलेली प्रत्येक टीप आधी आहे तशी दाबायची, मग मार्जिन (टिपेच्या बाहेर उरलेली कापडाची कड) उघडून किंवा एका बाजूला वळवून दाबायची, आणि त्यानंतरच दुसरी टीप तिला ओलांडू द्यायची. घरी शिवलेले आणि दुकानातले यांत नजरेला जाणवणारा फरक बहुतेक वेळा शिलाईचा नसतो, इस्त्रीचा असतो.

कापड निवडणे, धुणे, बेतणे

खोलीत सर्वांत मोठे रंगाचे पट्टे तीन: भिंत, पडदे आणि पलंग. या तिघांपैकी दोन शांत असले की तिसऱ्याला नक्षी झेपते. तिन्ही बोलके असतील तर झोपायची खोली गजबजलेली वाटू लागते. कापडाचा हातभर तुकडा आणून तो भिंतीला लावून दिवसाच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली असा दोनदा पाहावा. पिवळसर दिव्यात निळे-करडे रंग मळकट दिसतात, आणि बेडरूम आपण अधिक काळ दिव्याखालीच पाहतो.

अंथरुणासाठी सुती कापडाला तोड नाही. साध्या विणीचे, एक धागा वर एक खाली असे घट्ट विणलेले कापड स्पर्शाला कोरडे आणि गार लागते. साटीन विणीचे अधिक मऊ आणि चकचकीत दिसते, पण त्यात धागे वर तरंगते असल्यामुळे ओरखडे आणि बोंडे लवकर येतात. धाग्यांच्या संख्येवर फार विसंबू नका. पिळाचे धागे सुटे सुटे मोजून तो आकडा सहज फुगवता येतो. हातात घेऊन उजेडासमोर धरा. वीण सारखी आणि दाट दिसली की झाले.

सुती आणि लिननचे कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटते. २१० सेंटिमीटरच्या पडद्यात ५ टक्के म्हणजे १० सेंटिमीटरहून जास्त, आणि इतका आखूड झालेला पडदा लपवता येत नाही. म्हणून कापड कापण्याआधी धुवा, आणि पुढे जसे धुणार आहात तसेच धुवा. गरम पाण्यात चादरी धुणार असाल तर आताही गरम पाणीच. थोडे ओलसर असताना इस्त्री करा.

कापडाच्या दोन्ही कडांना न उसवणारी जी किनार असते, तिला समांतर जाणारा तो उभा धागा. तो सर्वांत कमी ताणला जातो, म्हणून पडद्याची लांबी, पायजम्याचा पाय हे उभ्या धाग्यावरच बेतायचे. तिरके धरून ओढले की कापड रबरासारखे ताणते. कडेला गोलाई असेल तिथे लावायची पट्टी म्हणूनच तिरकी कापतात. कापडाचे टोक सरळ आहे का हे पाहायला एक आडवा धागा टोकाने धरून हळूच ओढून काढा. त्याच्या जागी जी बारीक रेघ उमटते, तिच्यावरून कापा. तिरके कापलेले कापड शिवताना सरळ दिसते आणि धुतल्यावर पिरगळते.

पहिले काम: अभ्रा

समजा उशी ४५ × ७० सेंटिमीटरची आहे. तयार अभ्रा ४६ × ७२ चा हवा. आपण तो एकाच लांब पट्टीतून करू, चेन-बटणांशिवाय, आत वळणाऱ्या झडपेचा.

पट्टीची रुंदी: ४६ अधिक दोन्ही बाजूंचे मार्जिन १.५ + १.५, म्हणजे ४९. लांबी: पुढची बाजू ७२, मागची बाजू ७२, झडप १८, झडपेच्या टोकाची दुमड २, आणि मागच्या बाजूच्या तोंडाची रुंद दुमड ६. एकूण १७०.

आधी दोन्ही आखूड टोके दुमडून घ्या. झडपेचे टोक १ सेंटिमीटर, पुन्हा १ सेंटिमीटर दुमडून इस्त्री करा आणि कडेला टीप घाला. दुसऱ्या टोकाला आधी १, मग ५ सेंटिमीटरची दुमड. आता पट्टी सुलट बाजू वर करून पसरा. मागची बाजू पुढच्या बाजूवर घडी करून आणा, म्हणजे सुलटीला सुलट भिडेल आणि रुंद दुमडीचे तोंड झडप सुरू होते त्या रेषेवर येईल. मग १८ सेंटिमीटरची झडप त्या तोंडावरून उलटून वर ठेवा. टाचण्या लावा. दोन्ही लांब कडांना १.५ सेंटिमीटरवर टीप घाला, सुरुवातीला आणि शेवटी चार-पाच टाके मागे घ्या. कडेच्या मार्जिनवर झिगझॅग घाला. उलटून घ्या, झडप आपोआप आत गेलेली असेल.

हे जमले की दुसऱ्या अभ्र्याला बंद शिवण घाला, म्हणजे आत एकही सुटा धागा दिसणार नाही. त्यासाठी घडीची मांडणी बदलते. पट्टी उलट बाजू वर करून पसरायची, आधी झडप आत वळवायची आणि मग मागची बाजू वर आणायची. अशा उलटीला उलट भिडवलेल्या स्थितीत ०.६ सेंटिमीटरवर पहिली टीप घाला, मार्जिन निम्मे कातरा, अभ्रा उलटा करून कड इस्त्रीने दाबा आणि ०.९ वर दुसरी टीप घाला. दोन्ही मिळून तेच १.५ होते, त्यामुळे कापडाचे माप बदलत नाही. रोज धुतल्या जाणाऱ्या गोष्टीला ही शिवण वर्षानुवर्षे टिकते.

कुशनचे कव्हरही असेच, एक फरक सोडून: कव्हर कुशनपेक्षा थोडे लहान शिवायचे. ४० × ४० च्या कुशनला कापडही ४० × ४० च कापा, १ सेंटिमीटर मार्जिन गेल्यावर ३८ चे कव्हर तयार होते आणि कुशन टुमटुमीत दिसते. मोठी नक्षी असेल तर फूल मधोमध येईल असे बेता. त्यात कापड वाया जाते, ते जाऊ द्यावे.

कोपऱ्याची युक्ती: चादर आणि खोके

गादीला घट्ट बसणारी इलॅस्टिकची चादर अवघड वाटते, पण तिच्यात एकच नवीन गोष्ट आहे, कोपरा. गादी १५० × २०० आणि जाडी २० सेंटिमीटर धरू. चादर गादीखाली १५ सेंटिमीटर वळायला हवी. यातच इलॅस्टिकची दुमडही येते. रुंदी १५० + २० + २० + १५ + १५ म्हणजे २२०. लांबी त्याच हिशेबाने २७०. चारही कोपऱ्यांतून चौकोन कापून टाकायचे. जाडी अधिक वळण ३५ होतात, त्यांतून मार्जिनचा १ सेंटिमीटर वजा, म्हणून चौकोन ३४ × ३४ चा. कापलेल्या चौकोनाच्या दोन कडा सुलटीला सुलट जुळवा, १ सेंटिमीटरवर टीप घाला, झिगझॅग करा. कोपरा उभा राहतो.

मग पूर्ण घेराला आधी १ आणि मग १.५ सेंटिमीटरची दुमड घालून बोगदा करा, म्हणजे इलॅस्टिक ओवायची पोकळ दुमड. १ सेंटिमीटर रुंद इलॅस्टिक फक्त कोपऱ्यांत घातले तरी पुरते: कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना ३०-३० सेंटिमीटर अंतर मोजा, त्या ६० सेंटिमीटरमध्ये ३० सेंटिमीटरचे इलॅस्टिक ताणून बसवा, टोके पक्की शिवा. इतक्या मोठ्या पन्ह्याचे (रुंदीचे) कापड मिळत नसेल तर घरातली मोठी साधी चादर मोजून पाहा. तिच्यातूनच ही करता येते आणि कडेच्या दुमडीही उसवाव्या लागत नाहीत, माप पुरत असेल तर.

हाच कोपरा लहान केला की कपाटातल्या खणात ठेवायचे कापडी खोके तयार होते. तळ २५ × ३५ आणि उंची २० हवी असेल, वरच्या काठाला ३ सेंटिमीटरची दुमड धरली, तर कापड ७१ × ८१ चे घ्या आणि कोपऱ्यांतून २२ × २२ चे चौकोन कापा. कापड जाड हवे, किंवा आतून बक्रम (ताठपणा देणारे कडक कापड) चिकटवावे, नाहीतर खोके उभे राहत नाही, बसते. मोजे, आतले कपडे, पट्टे, ओढण्या अशा सतत विस्कटणाऱ्या गोष्टींसाठी हे फार कामाचे. खण आधी मोजा आणि खोक्याचे माप त्यावरून काढा. खोके शिवून मग त्यासाठी जागा शोधणारे लोक आहेत.

मोसमी कपडे ठेवायच्या पिशव्या सुती कापडाच्याच शिवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि कपड्यांना वास येतो, बुरशीही येते. आत ठेवण्यापूर्वी कपडे धुतलेले आणि पूर्ण वाळलेले हवेत, आणि खळ घातलेले नकोत, कारण खळीवर झुरळासारखे चपळ ते चंदेरी किडे येतात. लोकर आणि रेशमाला कसरीच्या अळ्या लागतात. घामाचे आणि अन्नाचे डाग राहिले असतील तर त्या आधी तिथेच खातात. पिशवीच्या तोंडाला नाडी, आणि बाहेर एक छोटा खिसा, त्यात आत काय आहे याची चिठ्ठी.

पडदे

पडद्यांत शिलाई सोपी आणि हिशेब मोठा. इथे कात्री घेण्यापूर्वी दोनदा गणित करा.

दांडी खिडकीच्या चौकटीवर १० ते १५ सेंटिमीटर उंच आणि दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंटिमीटर बाहेर काढून लावली तर उघडलेला पडदा भिंतीसमोर राहतो, खिडकी मोठी दिसते आणि उजेड अडत नाही. म्हणून आधी दांडी लावा, मग मोजा.

समजा दांडी १८० सेंटिमीटरची आहे. पडद्याला भरगच्च चुण्या हव्या असतील तर तयार रुंदी दांडीच्या दुप्पट, ३६०. दोन पाखे (डावा-उजवा पडदा), त्यांच्या चार उभ्या कडा, प्रत्येकीची दुहेरी दुमड ५ सेंटिमीटर; म्हणजे ३८०. कापडाचा पन्हा १४० असेल तर ३८० ला १४० ने भागून २.७ येतात, म्हणून तीन पन्हे लागतील, एका पाख्याला दीड. जोडाचे मार्जिन त्यातच भागते. अर्धा पन्हा नेहमी भिंतीकडच्या बाजूला जोडा, जोड चुण्यांत लपतो.

आता उंची. कडीपासून जमिनीपर्यंत २१० असेल तर तयार पडदा २०९, जमिनीला घासू नये म्हणून १ कमी. वर दुमडीला १०, खाली दुहेरी दुमडीला १० + १०. एकूण २३९. तीन पन्ह्यांना ७१७, आटण्यासाठी ५ टक्के वाढवले की सुमारे ७५३ सेंटिमीटर. नक्षी असेल तर तिची पुनरावृत्ती किती सेंटिमीटरवर आहे ते पाहा. ती ३२ असेल तर प्रत्येक तुकडा ३२ च्या पटीत घ्यावा लागतो, म्हणजे २३९ ऐवजी २५६, आणि एकूण आटण्यासह ८०६. साधे, एकरंगी कापड पहिल्या पडद्यासाठी मी सुचवतो ते यासाठीही.

दीडपट चुण्यांनी चालणार असेल तर हिशेब मजेशीर होतो. दीडपटीला २९० सेंटिमीटर लागतात आणि दोन पन्ह्यांत २८० मिळतात. या दहा सेंटिमीटरसाठी तिसरा पन्हा घेण्यात अर्थ नाही. चुण्या किंचित कमी घ्या, जोडही टळतो.

सकाळचा उजेड डोळ्यांवर येत असेल तर अस्तर लावा. ते मूळ कापडापेक्षा खाली दोन-तीन सेंटिमीटर आखूड ठेवतात, म्हणजे समोरून डोकावत नाही. अस्तरही आधी धुवा; पडदा आटला नाही आणि अस्तर आटले तर पूर्ण पडद्याला सुरकुत्या पडतात.

शिवण्याचा क्रम असा: आधी पन्हे जोडायचे, मग उभ्या कडा, मग वरची दुमड. खालची दुमड फक्त टाचण्यांनी किंवा कच्च्या दोऱ्याने धरून पडदा टांगा आणि दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. कापड स्वतःच्या वजनाने थोडे उतरते, विशेषतः सैल विणीचे. उतरून झाले की जमिनीपासून मोजून खालची दुमड पक्की करा.

आणि मग अंगावरचे: पायजमा

सरळ टीप, दुमड, बोगदा आणि इलॅस्टिक हे सगळे आतापर्यंत हाताखालून गेले आहे. पायजम्यात नवीन फक्त एक वळण, दोन पायांमधल्या शिवणीचे.

नीट बसणारा, न ताणणाऱ्या कापडाचा जुना पायजमा घ्या. त्याचा एक पाय दुसऱ्यात घालून घडी करा आणि कागदावर आधी पुढची बाजू, मग मागची बाजू गिरवा. मागचे वळण पुढच्यापेक्षा अधिक खोल आणि मागची कंबर थोडी उंच असते. दोन्ही एकसारख्या गिरवल्या तर बसताना कंबर मागे खाली ओढली जाते. गिरवताना कंबरेचे इलॅस्टिक पूर्ण ताणून धरा. बाहेरून १.५ सेंटिमीटर मार्जिन द्या, कंबरेला ४ आणि पायाला ४ सेंटिमीटर दुमडीसाठी. मार्जिन धरण्याआधी पुढच्या-मागच्या तुकड्यांची बेरीज तपासा: चारही मिळून नितंबांच्या घेरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर जास्त असावी. उभ्या धाग्याची रेघ कागदावरच मारून ठेवा.

प्रत्येक पायाच्या बाहेरच्या आणि आतल्या शिवणी आधी घाला, म्हणजे दोन नळ्या तयार होतील. एक नळी सुलट करून दुसऱ्या उलट्या नळीत घाला, मधले वळण जुळवा, आतल्या शिवणींच्या जोडापासून टाचण्या लावायला सुरुवात करा. वळणावर टीप दोनदा घाला. सगळा ताण तिथेच येतो. टिपेला न लागता मार्जिनला छोटे काप द्या, म्हणजे वळण मोकळे होते.

कंबरेची वरची कड आधी १ आणि मग ३ सेंटिमीटर दुमडून बोगदा करा, पाच सेंटिमीटरचे तोंड उघडे ठेवा. इलॅस्टिक २.५ सेंटिमीटर रुंद, लांबी कंबरेच्या मापापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर कमी. त्याच्या एका टोकाला सेफ्टी पिन लावून ते फिरवून घ्या, दुसरे टोक बाहेर टाचून ठेवा नाहीतर तेही आत निघून जाते. घालून पाहा, मगच टोके २ सेंटिमीटर एकमेकांवर ठेवून चौकोनी टीप घाला आणि तोंड बंद करा. इलॅस्टिक आत पिरगळू नये म्हणून चारही शिवणींवर उभी टीप मारून ते अडकवा. मागच्या बाजूला, कंबरेच्या आतून, फितीचा एक छोटा तुकडा शिवून टाका. पायजमा अंधारात घालताना पुढची बाजू कोणती ते हातालाच कळते.